सावकाराची वही आणि ख्रिस्ती ऋणविचार

पाण्याला जात आहे, विहिरीला जात आहे, स्मशानाला जात आहे, हे आपल्या चळवळीने सांगितले आणि ते जगाला मान्य करायला लावले. कर्जालाही जात आहे, ही गोष्ट मात्र आपल्या लिखाणात अभावानेच येते. ज्या मनुस्मृतीचे दहन 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला झाले, तिच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दर वर्णाप्रमाणे लावून दिलेला आहे. शंभरावर दरमहा ब्राह्मणाकडून दोन घ्यावेत, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. एवढ्यावर भागत नाही. कर्ज फिटत नसेल तर सावकाराच्या बरोबरीच्या किंवा त्याच्याहून खालच्या जातीच्या ऋणकोने ते अंगमेहनतीने फेडावे, वरच्या जातीच्याने मात्र सवडीने, थोडेथोडे करून द्यावे, असेही त्याच अध्यायात पुढे येते. म्हणजे रक्कम तीच. पण एकाला सवड आणि दुसऱ्याचे शरीर तारण. याच धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असे त्यात म्हटले होते, हे सांगितले पाहिजे. पण जो पैशाने फेडतो त्याचे व्याज मोजता येते. जो नांगर धरून फेडतो त्याच्या मजुरीचा हिशेब कुणाच्या वहीत लिहिला जात होता?

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरचा. पूर्णा नदीवरचे सिद्धेश्वर धरण 1968 साली झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचे घर बौद्ध. आईची थोरली बहीण मात्र जालन्याकडे ख्रिस्ती घरात दिलेली. मावशी आली की संध्याकाळी डोळे मिटून प्रार्थना करी आणि त्या प्रार्थनेत 'ऋण' हा शब्द येई. आमची ऋणे सोड, आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडले आहे, अशा अर्थाची ती मागणी. मला वाटे, मावशीचा देव सावकारी करतो आणि ती त्याला सूट मागते. पुढे वाचन वाढल्यावर कळले की माझी समजूत अगदीच वेडगळ नव्हती. येशू ज्या अरामी बोलीत बोलत असे तिच्यात पापाला आणि कर्जाला एकच शब्द होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या जागी कर्जाचाच शब्द आहे, लूकने तो बदलून 'पाप' केला, आणि मराठी भाषांतरकारांनी मत्तयाला अनुसरून 'ऋण' ठेवला. मराठी चर्चमध्ये दर रविवारी कर्जमाफीचा अर्ज म्हटला जातो. तो म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या हे ध्यानात येते, हा वेगळा प्रश्न.

ख्रिस्ती ऋणविचाराकडे मी वळलो तो या शब्दामुळे, आणि आमच्या मराठवाड्यात तो विचार आला तोच मुळी मांग-महारांच्या वस्तीतून आला म्हणूनही. हा विचार एकसंध नाही. त्याच्या पोटात दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात.

पहिला आवाज सांगतो, घेतले ते द्या. स्तोत्रसंहितेच्या सदतिसाव्या स्तोत्रात उसने घेऊन परत न करणाऱ्याला दुर्जन म्हटले आहे. पौल रोमकरांना लिहितो की कोणाचे काही देणे ठेवू नका, प्रीतीचे तेवढे राहू द्या. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तर तो पळून गेलेल्या ओनेसिम या दासाचे देणे स्वतःच्या नावावर घालायला सांगतो. दास पळाला तर मालकाचे नुकसान झाले, हे गृहीतच. मालक त्या दासाचे काही लागतो का, हा प्रश्न त्या पत्रात नाही.

दुसरा आवाज याहून जुना आहे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे, आणि सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने द्यायला हात आखडू नये, अशी सावकाराचे मन ओळखून दिलेली ताकीदही आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष योबेलाचे: रणशिंग फुंकायचे, विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत, कर्जापायी दास झालेला माणूस मोकळा. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात एका विधवेची कथा आहे. नवरा मेला, सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला, तेव्हा अलीशा संदेष्ट्याने तिच्या घरातले तेल वाढवून दिले. या कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. सावकाराने मुले नेणे ही तिथे नित्याची गोष्ट आहे, हे पाहा. नहेम्याच्या काळात तर लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि पोटच्या मुली गहाण टाकल्या होत्या, आणि घेणारे त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने भरसभेत त्यांना उभे करून शेते आणि व्याज परत करायला लावले.

येशूच्या दाखल्यांत हेच जग आहे. दहा हजार तालांताची सूट मिळालेला चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. दिनार ही एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. हे गणित मी वर्गात मुलांना फळ्यावर करायला लावीत असे. सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला माणूस शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याला तुरुंगात टाकतो, हे आकड्यांत दिसले की वर्ग गप्प होई. जक्कय हा जकातदार येशूला घरी घेतो आणि जाहीर करतो की ज्याला नाडले त्याला चौपट परत देईन. तिथे देणेकरी गरीब नाही, जकातदार आहे. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

पण येथे सावध राहिले पाहिजे. सातव्या वर्षाची सूट होती ती आपल्या भावाला. परक्याकडून वसूल करायला त्याच अध्यायात मुभा आहे. पन्नासावे वर्ष उजाडले तरी परजातीचा दास सुटत नाही, तो वारशाने मुलांकडे जातो, असे लेवीयमध्येच लिहिले आहे. गावकुसाबाहेरून वाचणाऱ्याला हा तपशील दिसल्याशिवाय राहत नाही. सूट कुणाला, हे ठरण्याआधी 'आपला' कोण हे ठरते, आणि ते ठरवणारा बहुधा सावकाराच्या ओसरीवरच बसलेला असतो. शिवाय सावकारांनी वाट काढलीच. येशूच्या थोडे आधी हिल्लेल या धर्मगुरूने 'प्रोझबुल' नावाचा लेख काढला. कर्ज न्यायालयाच्या स्वाधीन केल्याचे लिहून दिले की सातवे वर्ष त्याला लागू होत नसे. हेतू चांगला होता, सूट होणार या भीतीने गरिबाला कुणी उसनेच देईना म्हणून ही सोय केली, असे सांगतात. आमच्याकडे कर्जाच्या कागदाऐवजी जमिनीचे खरेदीखत करून घेण्याची चाल पडली तिचा हेतू मात्र असा चांगला नव्हता. आज्ञा कितीही कडक असो, कागद तिला वळसा घालतो.

चर्चचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळ ठिकाणी मिळतो. 325 सालच्या निकाइया परिषदेने धर्मगुरूंना व्याज घ्यायला मनाई केली. 1179 च्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफन नाकारले. सोळाव्या शतकात कॅल्विनने माफक व्याजाला वाट करून दिली, आणि व्यापारी युरोपात हळूहळू पापाचे ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावरून उतरून बुडवणाऱ्याच्या डोक्यावर गेले. इंग्लंडातले क्वेकर आपल्यातला कोणी दिवाळे काढले तर त्याला मंडळीतून काढून टाकीत. कायद्याने सूट मिळाली तरी खरा ख्रिस्ती माणूस पै-पै फेडतो, हा आदर्श या काळातला. वॉल्टर स्कॉट 1826 मध्ये बुडाला, डोक्यावर सव्वा लाख पौंडांच्या आसपास देणे, आणि दिवाळखोरीचा आसरा न घेता मरेपर्यंत लिहून लिहून फेडीत राहिला. मार्क ट्वेनने 1894 मध्ये दिवाळे काढले. कायद्याने मोकळा होऊनही सगळे देणे फेडायचे म्हणून तो जगभर व्याख्याने देत फिरला, त्या फेरीत 1896 मध्ये मुंबईलाही आला. या दोघांविषयी मला आदर आहे. मात्र त्यांच्याजवळ विकायला नाव होते, हेही विसरता येत नाही. ज्याच्याजवळ विकायला फक्त अंग आहे त्याला हाच आदर्श लावला की त्याचे काय होते, ते मी घरात पाहिले आहे.

आता आमच्या हिंगोलीकडे येतो. हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती, 1903 पर्यंत होती. ही फौज नावाला निजामाची, अंमलदार इंग्रज. 1800 च्या तहाप्रमाणे शांततेच्या काळात ती पोसण्याची निजामावर सक्ती नव्हती, पण पगार मात्र हैदराबादच्या तिजोरीतून. हा पगार वेळेवर मिळावा म्हणून पैसा पुरवणारी पेढी हैदराबादला होती: विल्यम पामर आणि कंपनी. पामर हा एका इंग्रज सेनाधिकाऱ्याचा मुलगा, आई मुसलमान बेगम. भागीदारांत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या मर्जीतला सर विल्यम रंबोल्ड होता आणि गुजराती सावकारही. जबर व्याजाने कर्ज चढत गेले. 1820 मध्ये साठ लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले. त्याच साली आलेला रेसिडेंट मेटकाफ याने हे प्रकरण उघड केले. पेढीचे देणे भागवण्यासाठी निजामाने उत्तर सरकार प्रांताची कंपनीकडून येणारी कायमची पेशकश 1823 मध्ये एकरकमी एक कोटी सोळा लाखांवर सोडून दिली, आणि 1824 मध्ये पेढीच बुडाली.

गोष्ट इथे संपत नाही. फौजेचा खर्च थकतच राहिला आणि आता सावकार खुद्द कंपनी झाली. ही थकबाकी पुढे करून डलहौसीने 1853 मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतले. पुढे 1857 च्या बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. 1860 मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले आणि पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले. वऱ्हाड मात्र गेला तो गेलाच. न मागितलेल्या फौजेचे कर्ज, त्यापायी मुलूख तारण, आणि राजकारण फिरले तसे एका तहात पन्नास लाख माफ. घेणारे ख्रिस्ती होते, सोडणारेही तेच. सातव्या वर्षाची आठवण त्यांना झाली असेल असे वाटत नाही. झाली असती तर पन्नास लाखांची सूट पाहून त्या मुलखातल्या सालदाराची पन्नास रुपयांची चिठ्ठीही कुणीतरी फाडली असती.

1853 मध्येच सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. त्यांच्या आधी हैदराबादेत अरब जमादार सावकारी करीत आणि देणेकऱ्याला स्वतःच्याच कैदेत डांबून ठेवीत. या खासगी तुरुंगांना सालारजंगांनी आळा घातला. जालन्याजवळ ख्रिस्ती वसाहतीसाठी जमीन दिली तीही याच सालारजंगांनी. ती मागणारे होते रेव्हरंड नारायण शेषाद्री, जन्माने ब्राह्मण, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. वसाहतीचे नाव बेथेल, म्हणजे हिब्रूत देवाचे घर. वस्ती मुख्यतः मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची. शेते, शाळा, चर्च. शेषाद्रींनी 1873 मध्ये न्यू यॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन आपले काम मांडले आणि 1891 मध्ये ते वारले.

बेथेलचे महत्त्व मला प्रवचनांत वाटत नाही. गावगाड्यात राहून धर्म बदलला तरी पाटील तोच राहतो, सावकार तोच राहतो, आणि वहीतले नाव येशूच्या रक्ताने पुसले जात नाही. इंग्रजी मुलखात 1850 च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क तरी वाचवला होता. तो कायदा निजामाच्या राज्यात नव्हता, आणि मांगाला वारसा तरी कसला होता? बेथेलमध्ये माणूस गावाच्या बाहेरून आणखी बाहेर गेला, पण या वेळी त्याच्या पायाखाली कसायला जमीन आली. शेषाद्रींनी हे योबेलाच्या आज्ञेवरून केले की निव्वळ व्यवहार म्हणून, ते सांगायचे धाडस मी करणार नाही. पण परिणाम लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायाजवळ जाणारा होता. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की तिथे जमीन कुळाला परत मिळते. इथे ती मिशनच्या कामाला दिली गेली. मांगाने मालक बदलला, असे कुणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

ज्या फ्री चर्चने शेषाद्रींना पाठवले तिची एक गोष्ट आपल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. ही चर्च 1843 मध्ये फुटून निघाली तेव्हा तिच्याजवळ पैसा नव्हता. तिच्या प्रतिनिधींनी अमेरिकेत जाऊन वर्गणी जमवली, आणि तिच्यात दक्षिणेतल्या गुलाम बाळगणाऱ्या मंडळींचे सुमारे तीन हजार पौंड आले. 1846 मध्ये फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडच्या गावोगाव फिरला. स्वतः गुलामगिरीतून पळालेला हा माणूस सभांमधून एकच मागणी करी: तो पैसा परत पाठवा. एडिंबरोच्या भिंतींवर ते शब्द रंगवले गेले. चर्चच्या सर्वसभेने पैसा परत केला नाही. 'घेतले ते द्या' हा पहिला आवाज स्कॉटिश प्रवचनपीठावरून किती मोठ्याने येत असेल, याची कल्पना करा. आणि ज्याच्या पाठीच्या वळांतून ती रक्कम निघाली तो दारात उभा राहिला तेव्हा तोच आवाज कसा बसला, तेही पाहा. त्याआधी 1833 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करताना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली होती. ती मालकांना मिळाली. गुलामांना काही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटनने 2015 मध्ये फेडला. कर्ज फेडण्याची नीती इतकी चिवट असू शकते.

इंग्रजी मुलखातला शेतकरी या सगळ्याला वेगळ्या मार्गाने भिडला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे रोखे जाळले आणि उठाव पुणे-नगर भागात पसरला. 1879 च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून काढला तेव्हा सावकार, भट आणि कचेरी यांचा एकच फास त्यांना दिसत होता. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्याच्याही कितीतरी आधी तुकोबांनी दुष्काळात दिवाळे निघाल्यावर आपल्या वाट्याची गहाणखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. सुप्यात ऋणकोंनी कागद जाळले, देहूत धनकोने बुडवले. मला या दोन घटना एकत्र वाचायला आवडतात, आणि दोहोंतही आमचा माणूस नाही हे खटकतेही. सावकार महाराला रोखा कशावर देणार? त्याच्याजवळ गहाण टाकायला जमीन नव्हती. त्याचे कर्ज कागदावर नसून अंगावर होते.

मिशनरी लोकांत ज्यांना हे कळले ते प्रवचन सोडून हिशेबाकडे वळले. जर्मनीत रायफाइझेन या भाविक ख्रिस्ती गावप्रमुखाने शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या. त्यांचा नमुना समोर ठेवून हिंदुस्थानात 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. रांचीकडे होफमन या जेझुइट पाद्र्याने 1909 मध्ये मुंडा-उरावांसाठी कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. जमीन सावकाराकडे जाऊ नये, एवढाच तिचा रोख. परंतु पतपेढीलाही 'पत' लागते, आणि पत मोजायची ती जमिनीवर. आमच्याकडे सहकार आला तेव्हा तो सात-बाऱ्याच्या उताऱ्यावरून चालत आला.

निजामाच्या राज्यात अंगावरच्या कर्जाला 'भगेला' असे नाव होते, विशेषतः तेलंगणाकडे. 1936 मध्ये त्याविषयीचा कायदा झाला. मराठवाड्यात आम्ही सालगडी म्हणतो. पाडव्याला साल ठरते, उचल घ्यायची आणि वर्षभर मालकाच्या वाड्यावर राबायचे. माझ्या वडिलांनी 1972 च्या दुष्काळात माझ्या आत्याच्या लग्नासाठी उचल घेतली. साल संपले की हिशेब होई आणि हिशेबात उचल थोडी वाढलेलीच निघे. खाडे धरले जात, ज्वारी धरली जाई, औषधपाणी धरले जाई. वडिलांना वाचता येत नव्हते. चौथे साल चालू असताना, 25 ऑक्टोबर 1975 पासून वेठबिगारी रद्द झाली आणि 1976 चा कायदा आला. त्याच्या सहाव्या कलमाने वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपली. महाराष्ट्र सरकारनेही 1975 मध्ये शेतमजूर, छोटे शेतकरी, कारागीर यांना कर्जातून मुक्त करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो 1977 मध्ये उचलून धरला. मी तेव्हा कॉलेजात होतो. मी वर्तमानपत्र घेऊन घरी आलो आणि वडिलांना म्हणालो, आता जाऊ नका.

वडील म्हणाले, "घेतलंय तर द्यावं लागतंय. बुडव्या म्हणून घ्यायचं नाही मला."

मावशी त्या वेळी घरी होती. ती म्हणाली, "दाजी, देवानं सोडलंय माणसाला. तुमचा मालक देवापेक्षा मोठा हाय का?"

वडिलांनी आणखी दोन सालं घातली. त्यांच्या बोलण्यात गुलामी होती, असे त्या वयात मी मित्रांना सांगत असे. आज मी ते तितक्या सहज म्हणत नाही. ज्याला गावात बाकी कसलीच पत नाही, त्याच्याजवळ शब्द पाळणारा ही एक पत असते, आणि कायद्याने ती हिरावून घेतल्यासारखे त्यांना वाटले असावे. पण मावशीचा प्रश्नही खरा होता, आणि तो तिने चर्चमधून आणला होता. आमच्या घरात बायबलचे ते दोन आवाज असे समोरासमोर बसले. गंमत अशी की 'घेतले ते द्या' म्हणणारा बौद्ध होता.

आपल्याही परंपरेला हा प्रश्न विचारला पाहिजे. बुद्धाने अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत अनृण असण्याचे सुख आहे. त्याचबरोबर महावग्गात ऋणकोला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. एक देणेकरी संघात शिरला, सावकारांनी तक्रार केली, तेव्हा हा नियम झाला. राजे आणि श्रेष्ठी यांच्या राज्यात राहून संघ चालवायचा, तेव्हा यामागची निकड समजते. तरी संघाचे दार जातीला उघडे आणि कर्जाला बंद होते, हे आपण झाकून ठेवू नये. ख्रिस्ती मंडळींना मात्र यावरून मिरवायला फारशी जागा नाही. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर जो लेख लिहिला, त्यात त्यांचे म्हणणे असे की हिंदू असताना अस्पृश्याला आपल्या अधोगतीचे कारण पूर्वकर्म म्हणून सांगितले जाते आणि ख्रिस्ती झाल्यावर पूर्वजांचे पाप म्हणून. सुटका दोन्हीकडे नाही. पाप म्हणजेच ऋण हे लक्षात घेतले तर बाबासाहेबांचा वार किती खोल आहे ते कळते. जन्मतःच कुणाचे तरी देणे लागणे, ही आपल्याला नवी गोष्ट नव्हती. 1976 च्या कायद्याने वेठीची व्याख्या करताना पूर्वजांचे कर्ज आणि विशिष्ट जातीतला जन्म ही दोन्ही कारणे नावानिशी नोंदवली आहेत.

मग देणे कोण कुणाचे लागतो? बायबलमध्ये याचे एक उत्तर आहे आणि चर्चमध्ये ते फारसे सांगितले जात नाही. मिसर देशातून निघताना इस्राएल लोक मिसऱ्यांकडून सोन्यारुप्याच्या वस्तू मागून घेऊन गेले. विरोधक याला चोरी म्हणत. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसने उत्तर दिले की पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलेल्यांनी नेले ते त्यांच्या मजुरीच्या मानाने थोडेच होते. तालमुदात ही गोष्ट खटल्याच्या रूपात येते. मिसरी लोक अलेक्झांडरपुढे सोने परत मागतात, तेव्हा यहुद्यांच्या बाजूने एक साधा माणूस म्हणतो, आधी सहा लाख माणसांची चारशे तीस वर्षांची मजुरी द्या. फिर्यादी पळून जातात. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात, सातव्या वर्षाच्या आज्ञेला लागूनच, सुटलेल्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातले, खळ्यातले, घाण्यातले त्याच्या पदरात घाला, असे आहे. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे. या जागांवर उभे राहिले की वहीची पाने उलटी वाचावी लागतात. वडिलांच्या सहा सालांची सरकारी किमान वेतनाने मजुरी धरली असती तर आत्याचे लग्न किती वेळा झाले असते, हे मी एकदा मांडून पाहिले होते. कागद वडिलांना दाखवला नाही.

सिद्धेश्वरचे पाणी कालव्याने गेले, ऊस आला, हळद आली. सालगडी कमी झाले आणि उचल मुकादमाच्या हातात गेली. आता कोयत्यामागे नवरा-बायको दोघांची मिळून उचल मिळते आणि हंगाम संपला तरी ती फिटलेली नसते. 2008 ची केंद्राची कर्जमाफी झाली, राज्याच्या 2017 आणि 2019 च्या योजना झाल्या. शेवटच्या योजनेला तर जोतीरावांचे नाव होते. जाहीर झाली की वस्तीतली मुले मला विचारीत, सर, आपले माफ झाले का? या योजना पीककर्जाच्या, बँकेच्या खात्याच्या. ज्याचे कर्ज मुकादमाच्या डायरीत आहे त्याला पन्नासावे वर्ष कधी लागत नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत अगदी लहान ऋणकोला नव्याने सुरुवात करू देणारे एक प्रकरण लिहिले गेले. 2019 मध्ये वैयक्तिक दिवाळखोरीचा जो भाग लागू केला तो कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निव्वळ गरिबीमुळे देणे थकलेल्या माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, असा निवाडा दिला. मुकादमाला तुरुंगाची गरज पडत नाही, तो पोराला कारखान्यावर ठेवून घेतो. अलीशाच्या त्या विधवेची गोष्ट मी याच ठिकाणी ऊसतोड बायकांना सांगतो, आणि तेलाचा भाग येण्याआधीच त्या पुढचे बोलायला लागतात.

त्यांना मी आणखी एक गोष्ट वाचून दाखवतो, ती 1976 च्या कायद्यातली. तेराव्या कलमाने प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे. पंधराव्या कलमाप्रमाणे एखादे कर्ज वेठीचे आहे असे मजुराने किंवा समितीने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर येते. मजुराला पुरावा द्यावा लागत नाही, डायरी त्याने आणायची आहे. मागच्या दिवाळीआधी टोळी निघताना एका बाईने हे कलम दोनदा वाचायला लावले, कलमाचा आकडा पोरीच्या वहीवर लिहून घेतला, आणि समितीचे लोक हिंगोलीत कुठे बसतात ते विचारले.